चित्राखालचं नाव

रविवार, रात्री साडेदहा

माळा आवरताना शाळेतली जुनी फाइल हाती लागली. चौथी 'ब'ची चित्रं. गणपतीची मिरवणूक, पावसातली शाळा आणि एक तीन पायांची म्हैस. नाव कुठेच नाही. मीच दटावायचे ना, "नाव मागे, पेन्सिलीने, बारीक. चित्र घाण होतं." पेन्सिल केव्हाच पुसून गेली. ही म्हैस कुणाची, काही केल्या आठवेना.

आणि चित्रकार, चित्रकलेची शिक्षिका फ्रीडल डिकर-ब्रांडाइस आठवली. १८९८ सालची, व्हिएन्नाची. योहानेस इटेन या चित्रकार-शिक्षकाकडे शिकली, त्याच्या मागोमाग जर्मनीत वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत गेली. विणकाम, छपाई, नाटकाचे पोशाख, सगळ्यात हात. पुढे तिथल्याच सोबती फ्रान्झ सिंगरबरोबर फर्निचर आणि घरांची सजावट. १९३४ मध्ये कम्युनिस्ट म्हणून अटक झाली, सुटल्यावर प्राग गाठलं.

ती ज्यू. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी तिला आणि नवऱ्याला तेरेझीनला, ज्यूंना कोंडायच्या वस्तीत पाठवलं. माणशी सामान पन्नास किलो. मी असते तर स्वेटर आणि डाळ-तांदूळच कोंबले असते. हिने कागद-रंग भरले. तिथे ती मुलींच्या वसतिगृहात राहून शिकवायची. कागद संपले की कचेरीतले जुने छापील फॉर्म: त्यांच्या पाठीवर चित्रं, नाहीतर फाडून चिकटकाम. भुकेल्या, दाटीवाटीत राहणाऱ्या पोरांना ती आधी हात मोकळा सोडून रेघा ओढायला लावायची. इटेनकडचाच धडा तो. आमच्याकडे पहिल्याच तासाला पट्टी घेऊन चौकट आखायची! एलिमेंटरीच्या परीक्षेपायी मीही तेच केलं म्हणा.

एका गोष्टीवर मात्र ती अडून बसायची. प्रत्येकाने आपल्या चित्रावर स्वतःचं नाव घालायचं. जिथे माणसं ट्रान्सपोर्टच्या, म्हणजे त्यांना भरून आणणाऱ्या गाडीच्या, नंबरानं मोजली जात होती, तिथे.

१९४४ च्या सप्टेंबरअखेर नवऱ्याला पुढे पाठवलं, तेव्हा तिने त्याच्यामागून जायला आपणहून नाव दिलं. ऑक्टोबरमध्ये ऑशविट्झच्या मृत्युछावणीत तिला मारलं. नवरा वाचला. मागे राहिल्या दोन सुटकेसी, आत सुमारे ४,५०० चित्रं. आज ती प्रागच्या ज्यू म्युझियममध्ये आहेत. ती काढणारी बहुतेक मुलंही मारली गेली, पण कुठलं चित्र कुणाचं हे बहुतेक ठिकाणी सांगता येतं.

म्हशीचा फोटो संध्याकाळी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलाय. आत्तापर्यंत तिघांनी "बाई, माझीच" म्हणून कळवलंय.