कॅरव्हॅनचा हिच: आधी काटा, मग खरेदी

नागपूरहून पेंचला कॅरव्हॅन ओढून न्यायची असेल, तर वजन वाटणारा हिच, म्हणजे ट्रेलरचा भार गाडीच्या आणि ट्रेलरच्या सगळ्या चाकांवर वाटून देणारी जोडणी, रिकाम्या ट्रेलरच्या आकड्यावरून घेऊ नका. पाणी, गॅस, सामान भरून धर्मकाट्यावर जा. आधी सुटा ट्रेलर पुढच्या जॅकसकट तोला. मग गाडीला जोडून, स्प्रिंग बार (हिचचे भार वाटणारे लवचीक दांडे) न लावता, फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेवा. फरक येईल तो हूकवरचा भार. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवा. 2000 किलोला 200 ते 300. त्यात डिक्कीतल्या सामानाचं वजन मिळवून बार निवडा. कमी ताकदीचे घेतले तर गाडीचं नाक उचलतं, स्टिअरिंग हलकं होतं. म्हणून ‘जाडच घ्या’ असंही नाही. फार ताठ बार चासीला दणके देतात. हिचने गाडीची ओढण्याची मर्यादा मात्र वाढत नाही.