तुम्ही विचारलंत म्हणून: माणसं पाण्यात असताना कुत्री-गुरं कशाला?

2025 च्या सप्टेंबरात, ऐन नवरात्रात आमच्या सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला पूर आला, तेव्हापासून हा प्रश्न ऐकतेय. मंडईत, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगला. "माणसं बुडत होती आणि तुम्ही कुत्र्या-गुरांच्या मागे कशाला लागलात?" विचारणारी माणसं वाईट नसतात. पण उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आम्ही माणसांना सोडून गेलो नव्हतो. माणसं काढायला एनडीआरएफच्या बोटी होत्या. त्यात आमचं काम नव्हतं, आम्ही मध्ये पडलोही नाही. आमच्याकडे एक भाड्याचा पिकअप, कडब्याच्या पेंढ्या आणि औषधांची खोकी. लांबोटीला पुण्याचा रस्ता बंद, वडकबाळला विजयपूरचा बंद. चाक जाईल तिथवर जायचं, पुढे चिखल तुडवायचा.

सुरुवातीला माझं एक ठरलेलं उत्तर असायचं: जनावर वाचवलं की माणूसच वाचतो. खोटं नाही ते. दोन दुभत्या गाईंवर अख्खं घर चालतं, आणि गाय दावणीला असताना म्हातारी माणसं घर सोडायला तयार होत नाहीत. पण हे उत्तर आता मलाच पुरत नाही. ते दिलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, मग बेवारस कुत्र्याचं काय? त्याच्यावर कुणाचं घर चालतं?

पाणी ओसरल्यावर सीनेकाठच्या एका वस्तीवर गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घराला आणखी चौकश्या नकोत. गोठ्यात जर्सी गाय आडवी पडलेली, पोट टम्म फुगलेलं. नायलॉनचं दावं गळ्यात तसंच आणि दुसरं टोक खुंट्याला. पाणी रात्री चढलं होतं. "गाठ भिजली की सुटत नाही ओ ताई," मामा म्हणाले. "विळा घरात होता. मी नातवंडं उचलली." ते मला सांगत होते की स्वतःला, कळत नव्हतं. पुन्हा पुन्हा तेच.

पंचनाम्याला गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागतात. दुभत्या जनावरामागे मदत मिळते 37,500 रुपये, तीही कागद पुरे असले तर. बिल्ला चिखलाने माखलेला आणि मामांचा हात गाईला लागेना. मी कान उचलला. थंड, जड कान. त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, अंगठ्याने पिवळा बिल्ला घासला. बारा आकडी नंबर असतो. एकेक आकडा वाचत गेले. मामांना फोटो काढायचा होता, पण हात इतका थरथरत होता की फोटो हलायचा. आठव्या आकड्यावर मी जरा अडखळले, तेवढ्यात पुढचे चार मामांनीच म्हटले. न बघता.

गोठ्याच्या पडक्या भिंतीला टेकून एक कुत्री बसलेली. गाईजवळ कुणी गेलं की गुरगुरायची. पुढच्या पायाला जखम, जखमेत अळ्या. मी विचारलं, कुणाची? "कुणाची नाही. इथंच असते." पंचनाम्यात गाय, म्हैस, बैल, वासरू, शेळी, अगदी कोंबडीही लिहितात. कुत्र्याला रकाना नाही. तिचे पैसे कुणाला नकोच होते, पण जे मोजलंच जात नाही त्याच्यासाठी औषधही कुणी धाडत नाही, हे मी त्या आठवड्यात गावोगावी पाहिलं. मामांनी खांद्यावरचा पंचा काढला, तिचं तोंड बांधलं आणि ती हलू नये म्हणून तिला मांडीत दाबून धरलं. मी चिमट्याने अळ्या काढल्या. बराच वेळ लागला. गाय शेजारीच पडलेली. त्या माणसाने मला विचारलं नाही की कुत्री कशाला.

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. सोलापूरकरांनी मनापासून कडक भाकरी पाठवली, चटणी पाठवली, गहू-तांदूळ पाठवले. माणसांना पुरून उरलं ते काही ठिकाणी गुरांपुढे ओतलं गेलं. उपाशी जनावराने एकदम भाकरी-धान्य खाल्लं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, जनावर बसतं ते उठत नाही. पुरातून वाचलेली गाय अशी जाते. तिला वाळलेला चारा द्यायचा, तोही थोडा थोडा. कडब्याच्या गंजी वाहून गेल्या होत्या, म्हणून आम्ही कडबा मागत फिरत होतो. तेव्हा लोक म्हणायचे, "आधी माणसांचं बघा."

आणि हो, पुरानंतर कुत्र्यांचे कळप जागा सोडून भलतीकडे जातात, भुकेली असतात, चावतात. रेबीजची लस कुत्र्याला टोचली तर वाचतं ते पोरच. हे सांगितलं की लोक माना डोलावतात. पण मला असं पटवावं लागतं याचाच त्रास होतो. त्या कुत्रीच्या पायातल्या अळ्या मी कुणा पोराला वाचवायला काढल्या नव्हत्या. तिला दुखत होतं म्हणून काढल्या.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. निवाऱ्याच्या शाळेत एक बाई पिशवीत मांजर घेऊन आल्या. आत घेऊ देईनात, तर रात्रभर व्हरांड्यात बसून राहिल्या. मी भांडले. पण आत तान्ही बाळं होती, त्यांच्या आया घाबरल्या होत्या आणि त्यांचंही चूक नव्हतं. आज तीच वेळ आली तर कुणाच्या बाजूने उभी राहीन, सांगता येत नाही. एवढंच म्हणते की निवाऱ्यासाठी शाळा ठरवतानाच तिच्या आवारात गुरांची दावण आणि कुत्र्या-मांजरांसाठी एक वेगळी खोली ठरवून ठेवा, उन्हाळ्यातच. आणि नदीकाठी ज्यांचे गोठे आहेत त्यांनी विळा घरात ठेवू नका, खुंट्याजवळ अडकवा.