निशी-कासाईच्या शाळेतली मधली सुट्टी

टोकियोच्या पूर्वेला एदोगावा वॉर्ड आणि त्यात निशी-कासाई. भारतीय कुटुंबं इथे इतकी की स्टेशनबाहेर मराठी कानावर पडलं तरी कुणाला नवल वाटत नाही. याच वॉर्डातून २०१९ मध्ये भारतीय वंशाचे योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापकही झाले. ताईचं बिऱ्हाड इथेच. ओळखीतले बरेच जण मुलांना भारतीय शाळेत घालतात, पण ताईने भाच्याला घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत घातलंय. मी साताऱ्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, त्यामुळे टोकियो टॉवरपेक्षा मला ओढ होती ती या शाळेची. पालकांना शाळा बघायला बोलावतात तो दिवस माझ्या मुक्कामातच आला.

भाचा तिसरीत आहे. पाठीवर कडक, चौकोनी रांदोसेरू दप्तर आणि त्याच्या पट्ट्याला ओढलं की कर्कश वाजणारा गजर. सोडायला कुणी जात नाही. पोरं चालत निघतात आणि चौकाचौकात गल्लीतले आजी-आजोबा पिवळे झेंडे धरून रस्ता पार करून देतात. शाळेच्या दारात बाहेरचे बूट कप्प्यात ठेवायचे, आतले पांढरे बूट घालायचे. दिवसाची सुरुवात वर्गातल्या छोट्या सभेने होते आणि ती चालवायला रोज नवी मुलं. आपला परिपाठच म्हणा! तास ४५ मिनिटांचे. गणिताचा तास छान झाला, पण मी वाट बघत होते जेवणाची.

सव्वाबाराच्या सुमारास वाढपाची पाळी असलेली मुलं उठली. पांढरे ॲप्रन, टोप्या, मास्क. शाळेच्याच स्वयंपाकघरातून भांड्यांचा गाडा त्यांनी वर्गाशी आणला. एक मुलगी डावाने मिसो सूप वाढत होती. प्रत्येक वाटीत टोफूचे तुकडे सारखे पडावेत म्हणून ती दर वेळी तळातून ढवळून घेई. भात, भाजलेला मासा, भाजी आणि २०० मिलिलिटर दूध. ज्याला एवढं जात नाही तो आधीच येऊन कमी करून घेतो, त्यामुळे पानात टाकणं जवळजवळ नाहीच. सगळ्यांचं वाढून झाल्यावर एकत्र हात जोडून ‘इतादाकीमास’ (नम्रपणे स्वीकारतो) म्हणायचं आणि मग जेवायचं. बाईही मुलांच्यातच बसल्या, तेच जेवल्या. एक पुडिंग उरलं, त्यासाठी पाच जणांनी दगड-कागद-कात्री खेळून निकाल लावला. ज्याला मिळालं त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू!

मुलांना वाढण्याआधी मुख्याध्यापक स्वतः ते अन्न खाऊन बघतात, हे कळलं तेव्हा वाढण्याआधी अन्न चाखून नोंद करायची आमची चव नोंदवही आठवली. नियम दोन्हीकडे आहे. फरक आहे तो जेवणाकडे बघण्याचा. शालेय जेवणाचा कायदा जपानने १९५४ मध्ये केला आणि तेव्हापासून जेवण हा शिक्षणाचाच भाग धरला. २००५ पासून आहार शिकवणाऱ्या खास शिक्षकांची पदंही आली. महिन्याच्या मेनूच्या कागदावर कुठल्या पदार्थाने ताकद येते, कशाने शरीर बांधलं जातं, हे रंगांनी दाखवलेलं असतं आणि मुलं ते वाचतात. आमच्याकडे १९९५ मध्ये शालेय पोषण आहार योजना सुरू झाली ती महिन्याला तीन किलो तांदूळ घरी देण्यापासून. आता गरम खिचडी मिळते, मुलं पोटभर जेवतात, हे फार मोठं काम आहे. पण ते अजून ‘शिकवण्याबाहेरचं काम’ मानलं जातं, याची मला मनापासून खंत वाटते.

जेवणानंतर थोडं खेळून सफाई. बाकं मागे सारली, खुर्च्या उलट्या टाकल्या आणि ओली फडकी दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून पोरं ओणवी धावत सुटली. जपानी शाळेत सफाईला माणूसच नसतो असं आपल्याकडे सांगतात, ते तितकंसं खरं नाही. देखभालीला कर्मचारी असतात. वर्ग, जिने, व्हरांडे मात्र मुलांचे. पहिलीच्या मुलांना सहावीची मुलं हाताला धरून शिकवतात. या सगळ्याला अभ्यासक्रमात जागा आहे, आणि इजिप्तने २०१८ पासून काही सरकारी शाळांत हीच पद्धत आणली आहे.

सगळंच सोपं नाही. सुपात माशाचं पाणी असतंच, त्यामुळे शाकाहारी घरांना डबा द्यावा लागतो. ताईकडे मासे चालतात, पण मेनूत बीफ असेल त्या दिवशी तीही डबा देते. वर्गात सगळ्यांपेक्षा वेगळं खाणं भाच्याला पहिल्या वर्षी जड गेलं, असं ती म्हणाली.

शुक्रवारी पाळीचा ॲप्रन घरी आला. तो धुऊन, इस्त्री करून सोमवारी पुढच्या मुलासाठी न्यायचा असतो. भाच्याने तो स्वतः धुतला, ताईने फक्त इस्त्री केली. आमच्या मुख्याध्यापकांशी माझं फोनवर बोलणं झालंय. जूनमध्ये शाळा उघडली की चौथीकडे वाढपाची आठवड्याची पाळी द्यायची, हजेरीच्या क्रमाने, मुलगे-मुली दोघांनाही. सहा ॲप्रन आणि टोप्या गावातला बचत गट शिवून देणार आहे.