तुम्ही विचारलेत म्हणून: पत्ता का देत नाही?

आवडलेल्या वस्तूंचे फोटो दाखवता, मग त्या कोठे मिळतात हे का सांगत नाही, असे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारते. सगळे स्वतःपुरतेच ठेवायचे असेल तर दाखवता तरी कशाला, असेही काहींनी सुनावले आहे. ते बोलणे मला लागते, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते.

सगळेच मी स्वतःपुरते ठेवत नाही; पेयांची कृती मी कधीच लपवलेली नाही. ही घ्या कोकमाच्या पेयाची: 45 मिलिलिटर जिन, 15 मिलिलिटर कोकम आगळ, तेवढाच साखरेचा पाक आणि वर थंड सोडा. आगळात मीठ असतेच, वेगळे घालू नये. ही कृती हजार घरांत गेली तरी कोणाच्या हातावर ताण येत नाही.

रविवार पेठेतल्या एका पटवेकरी, म्हणजे दागिने रेशमात गाठवून देणाऱ्या, काकांकडे मी आईचा तन्मणी गाठवून घ्यायला जात असे. पायाच्या अंगठ्याला रेशमाचे टोक अडकवून ते पदकासाठी डाळिंबी गोफ वळत. मागे सरकती गाठ आणि जरीचा लहानसा गोंडा. दिवसाला फार तर दोन गोफ होत. दिवाळीच्या महिनाभर आधी, त्यांना विचारून, मी एका गोफाचा फोटो काढला आणि खाली दुकानाचा पत्ता व फोन नंबर दिला. तीन दिवसांत चाळीसहून अधिक मागण्या आल्या. ताईंनी पाठवलेली माणसे म्हणून काकांनी एकालाही नाही म्हटले नाही, आणि शेजारच्या सराफाकडून मंगळसूत्रे गाठवण्याचे जे रोजचे काम येई, ते त्या दिवसांत दुसरीकडे गेले.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले. दिवाळीच्या आठवड्यात मी दुकानात असताना एक बाई आल्या, त्यांनी गोफ फळीवर ठेवला आणि मोबाइलवर माझा फोटो उघडून शेजारी धरला. फोटोतला गोफ राणी रंगाचा होता. काकांनी फोटो बराच वेळ पाहिला, गोफ दाराशी उन्हात नेला, परत आणला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, हा रंग माझ्याकडे नाहीच.”

चूक माझी होती. केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. दुकानात डोक्यावर 2700 केल्विनचा पिवळा दिवा होता आणि दारातून दिवसाचा उजेड येत होता, जो साधारण 5500 केल्विनचा असतो. गोफाखालचा रुमाल शुभ्र दिसावा म्हणून मी संगणकावर पिवळेपणा काढत गेले आणि त्याबरोबर डाळिंबीतला पिवळाही गेला. फोटो सुंदर झाला, याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. असे अकरा गोफ परत आले. काकांनी अकराही जणांचे पैसे परत केले आणि मी देऊ केलेले पैसे घेतले नाहीत. सराफाचे सगळे काम अजून परत आलेले नाही.

मी एक पैसा घेतला नव्हता, हे मी तेव्हा प्रत्येकाला सांगत होते. जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फुकट मिळालेल्या वस्तूचाही उल्लेख करावा लागतो. मी तर गोफ विकत घेतल्याचे फोटोखाली लिहिले होते. ते खरेच होते, पण त्या बाई पैशांविषयी विचारत नव्हत्या, रंगाविषयी विचारत होत्या, आणि त्याचे उत्तर माझ्याऐवजी काकांना द्यावे लागले.

पूर्वीची मी म्हणाली असती, की कारागिराला गिऱ्हाईक मिळवून देण्यात कसले पाप? आणि तिचे म्हणणे मला आजही पूर्ण खोडता येत नाही. सहकारनगरमध्ये एक मुलगी खणाच्या कापडाचे कानातले करते. तिने मागच्या महिन्यात मला स्पष्ट सांगितले, “ताई, माझा पत्ता टाकाच, मला काम हवे आहे. किती झेपेल ते माझे मी बघेन.” तिच्या वतीने मी गप्प राहायचे ठरवणे हाही अधिकार गाजवणेच आहे, हे मला कळते. तिच्या कानातल्यांचा फोटो मी दिवसाच्या उजेडात, दिवा बंद करून, पुन्हा काढला आहे. खाली पत्ता दोनदा लिहिला आणि दोनदा पुसला.