आमची वाटचाल: घटीचा रकाना

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात तोलार होते. काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा नेम. राजापुरी हळदीच्या पोत्यांत आम्ही वाढलो, पण दळायचा धंदा घरात आला तो 2021 च्या डिसेंबरात. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून 14 लाखांचा प्रकल्प मंजूर झाला. त्यात आमचे 1 लाख 40 हजार, बाकी बँकेचं कर्ज. अनुदान 35 टक्के, म्हणजे 4 लाख 90 हजार. या योजनेत जास्तीत जास्त 10 लाख मिळतात.

नव्यानं अर्ज करणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आम्हाला ती उशिरा कळली. अनुदानाचे पैसे हातात पडत नाहीत. ते बँकेत आपल्या नावानं वेगळे ठेवतात आणि तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लावत नाहीत. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून 3 वर्षं खातं नियमित राहिलं आणि युनिट चालू असलं, तरच ती रक्कम कर्जात वळती होते. तोवर युनिट खरंच चालतंय हे दाखवत राहावं लागतं.

आमचा प्रकल्प अहवाल एका सल्लागारानं केला होता. वर्षाला 300 दिवस काम, सहा कायम कामगार, जेवढं हळकुंड तेवढी पावडर. मी वाचून सही केली, ही चूक माझीच. पहिल्या वर्षी पाहणी झाली तेव्हा आलेल्या साहेबांनी खरेदीच्या पट्ट्या आणि विक्रीची बिलं शेजारी ठेवली. 1,000 किलो हळकुंड आत आलं, 958 किलो पावडर बाहेर गेली. "42 किलो कुठे गेले?" मला उत्तर देता येईना. बायकोनं दिलं. चक्कीत हळद तापते, ओल उडते, धूळ होते, चाळणीवर चोथा राहतो. साहेब म्हणाले, "मग हे लिहा ना कुठेतरी."

त्याच रात्री तिनं दोनशे पानी वहीत रकाने आखले: तारीख, आवक, जावक, मीटरचं रीडिंग, आणि शेवटी घट. दर खेपेला पोतं काट्यावर चढतं, काटा थांबतो, मग आकडा लिहिला जातो. महिनाभरातच दिसलं की बुधवारच्या खेपांना घट जास्त पडते. त्या दिवशी नव्या आवकेची नीट न वाळलेली हळद यायची. आता खरेदीलाच हळकुंड मोडून बघतो. खट्‌कन तुटलं नाही तर पोतं परत. पाहणीसाठी धरलेल्या वहीनं आमचा तोटा पकडला, हे मी मनापासून सांगतो.

कामगारांचा आकडा लिहून देताना मात्र ताण आला. कायम तिघं, हंगामात आणखी चार बायका. सल्लागार म्हणाला, "सहाच लिहा, कोण मोजायला येतंय?" वडील तेव्हा ओट्यावर बसले होते. काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी तीन कायम, चार हंगामी असं लिहून दिलं, आणि सोबत हजेरीची पानं जोडली. दुसऱ्या वर्षी हळदीचे दर एकदम चढले, आमच्या हातात खेळतं भांडवल नव्हतं आणि चक्की दोन महिने जवळजवळ बंद होती. तेही कारणासकट कळवलं. मीटरचं रीडिंग आणि वीजबिल जुळत होतं, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. हप्ता मात्र एकही चुकवला नाही. एकदा त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, आणि ते आठवलं की आजही जिवाला लागतं.

2025 च्या फेब्रुवारीत अनुदान कर्जात वळतं झालं. बँकेतून आलो तेव्हा नवी आवक सुरू झाली होती आणि बायको चौथ्या वहीत रकाने आखत होती. आता ही वही कुणी मागणार नव्हतं. तिनं एक रकाना वाढवला होता: चाळणीवरचा चोथा, किलोत.