जाळीतली काकडी

मागच्या वर्षी लाल भुंग्यांनी काकडीच्या पानांची पार चाळण केली होती. दोन पानांवरची रोपंसुद्धा सोडली नाहीत. म्हणून यंदा फेब्रुवारीत साताऱ्याच्या घरामागे दहा बाय सहा फुटांचा सांगाडाच उभा केला. जुने पाइप, वर आणि चारी बाजूंनी पांढरी, चाळीस मेशची (इंचाला चाळीस भोकं असलेली) इन्सेक्ट नेट, पुढं चेनचं दार. डाससुद्धा शिरणार नाही असा बंदोबस्त. मोठ्या हौसेनं आईला दाखवायला नेलं, तर ती म्हणाली, "काकडी लावायचीय का कोंबड्या पाळायच्यात?"

बी 'पुणे खिरा'चं आणलं. रात्रभर भिजवून सहा ग्रो बॅगांत दोन-दोन टोचलं. पाचव्या दिवशी सगळं उगवलं. माती, शेणखत आणि कोकोपीट समसमान घेतलं होतं. सुतळीवर वेल सरसर चढले, पानं ताटलीएवढी झाली, एकाही पानाला भोक नाही. महिन्याभरानं पिवळी फुलं आली. घोसानं येणारी, बारीक देठाची ती नर फुलं. आठवड्याभरात मादी फुलंही दिसायला लागली. ती ओळखायला सोपी. पाकळ्यांच्या मागं बोटाच्या पेराएवढी लव असलेली काकडीच असते.

ती काकडी तेवढीच राहायची. दोन दिवसांत टोकाकडून पिवळी पडायची, सुरकुतायची आणि हात लावला की गळायची. एकामागून एक अशा वीस-बावीस गेल्या.

मग सल्ले सुरू झाले. शेजारी म्हणाले बोरॉन कमी पडतंय. मेव्हण्यानं शून्य-बावन्न-चौतीसची, म्हणजे स्फुरद-पालाशच्या विद्राव्य खताची पुडी आणून दिली. कुणी आंबट ताक फवारायला सांगितलं, कुणी अंड्याची टरफलं. मी सगळं केलं. वेल आणखी हिरवेगार झाले, काकडी काही धरेना. खरं तर वेल एवढे तजेलदार असताना उपाशी कसे असतील, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला बियाण्याच्या दुकानात गेलो, तर त्यांनी खताचं नावही काढलं नाही. फक्त विचारलं, "जाळी पूर्ण बंद आहे का हो?"

"पूर्ण. माशीसुद्धा येत नाही आत."

"मग फळ कुठनं धरणार?"

काउंटरवरचं दुसरं गिऱ्हाईकही हसलं. नर फुलातला पराग मादी फुलावर नेणारी मधमाशी मीच बाहेर ठेवली होती. पॉलिहाऊसवाले बंद जाळीत काकडी घेतात ती वेगळ्या बियाण्याची. तिला परागीभवन लागतच नाही, फळ आपोआप धरतं आणि आत बीही नसतं. ते बी दाण्यावर विकलं जातं आणि किंमत ऐकून मी पाकीट जागच्या जागी ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून मधमाशीचं काम माझ्याकडे. फूल एकच दिवस उमलतं, त्यामुळं सकाळी साडेसहा ते नऊ हीच वेळ. ताजं नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलून टाकायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आत हलक्या हातानं फिरवायचा. तिथं तीन फुगीर भाग असतात, तिन्हींना पराग लागला पाहिजे. घाईत एकाच बाजूला लागला की काकडी वाकडी होते, नाहीतर एका टोकाला फुगून दुसरीकडे शेपटीसारखी राहते. माझ्या पहिल्या चारही तशाच निघाल्या. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. आई पायरीवर बसून बघायची. "आमच्या रानात बांधाव टाकलेल्या बियांकडं कुणी बघत बी नव्हतं," असं रोज एकदा तरी ऐकवायची.

पण चौथ्या दिवशी पिवळी पडण्याऐवजी काकडीनं मान खाली घातली, देठ जाड झालं, तेव्हा तीच आधी ओरडली.

मेच्या मध्यापर्यंत एक दिवसाआड तीन-चार निघायच्या. मधे दोन दिवस लग्नाला गेलो, पाण्याला सांगितलेला मुलगा आलाच नाही. नंतर तोडलेल्या काकड्या कडू जहर. उन्हात पाण्याचा ताण पडला की वेलातलं कुकुरबिटासिन हे कडू द्रव्य वाढतं, देठाकडं आणि सालीत जास्त. आईनं टोक कापून, घासून फेस काढला. तिचा त्यावर विश्वास आहे. मला फरक जाणवला नाही, पण खमंग काकडीत दाण्याचं कूट आणि साखर जरा सढळ पडली आणि ताटातलं संपलं.

जूनमध्ये कंटाळून सकाळी दार उघडं ठेवायला लागलो. मधमाश्या आल्या, आणि त्यांच्या मागोमाग फळमाशीही. काकडीवर टाचणी टोचल्यासारखा ठिपका, त्यातून डिंकाचा थेंब, चिरली की आत वळवळणाऱ्या अळ्या. क्यू ल्युरचा, म्हणजे नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा सापळा टांगला, उरलेल्या काकड्यांना फळ धरल्याबरोबर कागदी पिशव्या घातल्या. किडलेल्या काकड्या कंपोस्टात न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवल्या. निम्म्या तरी वाचल्या.

एक मात्र आईनं तोडू दिली नाही. "ती बियाची हाय." वेलावरच पिवळी होऊन तपकिरी पडेपर्यंत राहिली, चांगली दंडाएवढी. परवा चिरली. गर दोन दिवस पाण्यात आंबवला, वर तरंगलेलं पोकळ बी टाकून दिलं आणि बाकीचं धुऊन, राख लावून परातीत सावलीला पसरलंय. खिडकीत चिमण्या येतायत म्हणून आईनं त्यावर माझ्याच जाळीचा उरलेला तुकडा घातलाय.