पीपीई घालणं सोपं, काढणं अवघड

आज सिस्टर, वॉर्डबॉय, सफाईच्या मावशी सगळ्यांचं पीपीईचं (जंतूंपासून वाचवणाऱ्या किटचं) ट्रेनिंग घेतलं. घालण्यात सगळे एक्स्पर्ट ओ, कोविडमध्ये रोजचंच होतं, पण खरा धोका काढताना, किटला बाहेरनं लागलेलं तेव्हाच अंगाला लागतं. म्हणून ग्लोव्हजवर ओला गुलाल चोपडला (कोल्हापुरात गुलालाला काय तोटा) आणि म्हटलं, काढा आता. निम्म्यांची मनगटं लाल! एक मामा तर कानामागं, चष्म्यावर, जोतिबाची यात्रा करून आल्यागत, सगळे लई हसाय लागले.

मग एक मावशी पुढं आल्या. पहिला ग्लोव्ह मनगटापाशी बाहेरनं चिमटीत धरून उलटा काढला, मुठीत धरला, उघडं बोट दुसऱ्या ग्लोव्हच्या आतनं घालून तोही उलटा, सॅनिटायझर, मग गाऊन आतली बाजू बाहेर करत गुंडाळला, परत सॅनिटायझर, गॉगल मागच्या पट्टीनं, आणि एन९५ मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर येऊन, पुढं हात न लावता आधी खालचं इलॅस्टिक मग वरचं. हातावर ठिपका नाही!! भिंतीवरच्या पोस्टरनं हे येत नाही, समोर उभं राहून एकेक स्टेप सांगणारं माणूस लागतं. २०१४ च्या इबोलाच्या साथीवेळी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनंही असा ऑब्झर्व्हर ठेवायला सांगितलेलं.

वाद झाला तो दाढीवरनं. दाढीवर एन९५ चं सील बसत नाही, कडेनं हवा आत येते म्हटलं तर एक ब्रदर (पुरुष नर्स) म्हणतोय, "सर, लग्न ठरलंय, फोटोशूट आहे की." म्हटलं, फोटो काढून घे भावा, मग ये फिट टेस्टला, मास्क नीट बसतोय का बघायला.